बचत गटाचं पहिलं बँक कर्ज: माझा अनुभव

आमच्या गटाचं दप्तर मी लिहिते, त्यामुळे पहिल्या कर्जाचं सगळं प्रकरण माझ्या हातून गेलं. खातं उघडणं सोपं आहे. वीसपर्यंत सदस्य असलेल्या गटाला नोंदणी लागत नाही. ठराव आणि पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं, फोटो पुरतात. तिघींच्या सह्या नोंदवायच्या, पैसे काढताना त्यांतल्या कोणत्याही दोघींच्या. कर्जाच्या वेळी मात्र सगळ्याच जणींची कागदपत्रं मागतात. एखादीच्या आधारवर माहेरचं नाव आणि दप्तरात सासरचं असेल, तर प्रकरण तिथेच अडतं. हे आधी दुरुस्त करून घ्या.

सहा महिने बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब नियमित ठेवला की बँक गटाची प्रतवारी करते. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो तो निधीचा. समजा बारा जणींनी महिना 100 रुपये असे दहा महिने भरले: 12,000. त्यातले 9,000 सदस्यांकडे कर्जाऊ आहेत आणि 600 व्याज जमा झालंय. पासबुक आणि हातातली रोख मिळून 3,600 दिसतात, पण गटाचा निधी 12,600 आहे. कर्जाची मर्यादा निधीच्या पटीत ठरते, म्हणून नुसतं पासबुक पुढे करू नका. कर्ज नोंदवही आणि ताळेबंद सोबत न्या.

अंतर्गत कर्जावर गटाने सदस्यांकडून घेतलेलं व्याजही बँक तपासते. दरमहा 2 टक्के दराने 5,000 वर पहिल्या महिन्याला 100 रुपये. 500 मुद्दल फेडल्यावर पुढच्या महिन्याला 90. दर महिन्याला 100 च घेतले असतील तर ते व्याज चुकलंय, आणि ज्या बाईने ते भरलं तिचे पैसे तिला परत मिळाले पाहिजेत.

गटाला 10 लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण लागत नाही, बचत खात्यावर बोजाही चढवता येत नाही. हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बचत अडकवून ठेवायला कुणी सांगितलं तर शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

रक्कम आली की सारखी वाटून टाकायचा मोह होतो. मला हे अजिबात पटत नाही. जिला गरज नाही तिच्या वाट्याचे पैसे घरातला दुसराच कुणी वापरतो आणि हप्ता तिच्या गळ्यात पडतो. मागणी तिने स्वतः बैठकीत मांडावी, कारण आणि रक्कम ठरावात लिहावी. हप्ताही धंदा बघून ठरवा: गाभण शेळी घेतली तरी ती विऊन पिलं विकण्याजोगी व्हायला बरेच महिने जातात, आणि बँकेचा हप्ता त्याआधीच सुरू होतो. तोवर तो मजुरीतून भरता येईल का, हे कर्ज देण्याआधी तिलाच विचारा.