आधी मॉनिटर, मग बाकीचे सारे

"पैशांची फारशी अडचण नाही, भारीतला भारी गेमिंग पीसी बांधायचा आहे, कोणते पार्ट घेऊ?" हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो आणि त्यासोबत बहुधा एक तयार यादीही असते, जिच्यात प्रत्येक ठिकाणी मिळेल ती सर्वांत महाग वस्तू निवडलेली असते. मी उलट एवढेच विचारतो की मॉनिटर कोणता आहे. यादीत त्याचा पत्ताच नसतो, किंवा "आहे तोच जुना वापरीन" असे उत्तर येते. तुम्हीही पार्टांचा तोच प्रश्न विचारलात म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते अशा पीसीची निवड मॉनिटरपासून सुरू करून मागे मागे जात करायची असते, आणि प्रोसेसरचा क्रमांक त्यात बराच उशिरा लागतो.

मॉनिटर दोन आकडे ठरवून टाकतो. पहिला पिक्सेलचा. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०, सुमारे २०.७ लाख पिक्सेल; १४४०पी म्हणजे सुमारे ३६.९ लाख, आणि फोरके म्हणजे सुमारे ८२.९ लाख, फुल एचडीच्या बरोबर चौपट. दुसरा आकडा रिफ्रेश रेटचा, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवे चित्र दाखवतो त्याचा; तो हर्ट्झमध्ये मोजतात. ६० हर्ट्झवर एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, तयार करायला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हर्ट्झवर ६.९ आणि २४० हर्ट्झवर जेमतेम ४.२. पिक्सेल वाढले की भार ग्राफिक्स कार्डावर पडतो. पण फ्रेमची संख्या वाढली की प्रोसेसरही कामाला लागतो, कारण कोणते पात्र कुठे आहे, कोण कुणाला धडकले, काय काय रंगवायचे आहे हा हिशेब त्याला प्रत्येक फ्रेमसाठी नव्याने करावा लागतो. चित्र किती पिक्सेलचे आहे याच्याशी त्याला फारसे देणेघेणे नसते. त्यामुळे फोरके आणि १२० हर्ट्झवर निवांतपणे मोठ्या जगात भटकणाऱ्याचा पीसी आणि १४४०पी आणि ३६० हर्ट्झवर स्पर्धात्मक नेमबाजी खेळणाऱ्याचा पीसी, हे एकाच बजेटमधले दोन वेगळे पीसी आहेत. पहिल्याने पैसा ग्राफिक्स कार्डात ओतावा, दुसऱ्याने प्रोसेसर आणि रॅमकडे अधिक लक्ष द्यावे.

यात अलीकडे एक गुंता झाला आहे. "फोरकेवर प्रोसेसर कोणताही चालतो" हे जुने वचन आजही ऐकू येते, पण ते आता निम्मेच खरे उरले आहे. डीएलएसएस, म्हणजे लहान चित्र तयार करून ते मोठे करण्याचे एनव्हिडियाचे तंत्र, क्वालिटी मोडवर चालू केले की फोरकेचे चित्र मुळात २५६० बाय १४४० या आकारात तयार होते आणि मग वाढवले जाते. म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा भार हलका होतो, फ्रेम वाढतात आणि प्रोसेसर पुन्हा आडवा येऊ शकतो. फ्रेम जनरेशनचे प्रकरण आणखी निराळे. त्यात दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये तयार केलेल्या फ्रेम घातल्या जातात, त्यामुळे हालचाल गुळगुळीत दिसते, पण माऊस हलवल्यावर मिळणारा प्रतिसाद मूळ फ्रेमच्याच वेगाचा राहतो, किंबहुना किंचित मंदावतो. म्हणून कार्डांची तुलना करताना मी फ्रेम जनरेशन बंद असतानाचेच आकडे धरतो. जाहिरातीतल्या आलेखांना हा नियम लावला की त्यांची उंची बरीच उतरते.

आता कार्ड. जानेवारी २०२५मध्ये आलेल्या एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०९० या कार्डावर ३२ जीबी जीडीडीआर७ प्रकारची मेमरी आहे आणि त्याची वीज ५७५ वॅटपर्यंत जाते. त्याच मालिकेतल्या ५०८०वर १६ जीबी आणि ३६० वॅट. एएमडीच्या आरएक्स ९०७० एक्सटीवर १६ जीबी आणि ३०४ वॅट. १४४०पीचा मॉनिटर असेल आणि तो बदलायचा विचार नसेल, तर ५०९० घेऊ नका, असे मी खिसा भरलेला असणाऱ्यालाही सांगतो. कार्डाच्या मेमरीबाबत मात्र हात आखडता घेऊ नये. ५०९०ची मेमरी सेकंदाला १,७९२ जीबी वाहून नेते. तीच माहिती कार्डावर मावली नाही आणि मदरबोर्डवरच्या रॅममधून आणावी लागली, तर पीसीआय एक्स्प्रेस ५.० या कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातल्या जोडणीच्या सोळा लेनमधूनसुद्धा (लेन म्हणजे माहितीची वाट) एका दिशेने सेकंदाला सुमारे ६४ जीबीच येऊ शकते. मेमरी भरून वाहू लागली की सरासरी एफपीएस, म्हणजे सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेमची संख्या, पुष्कळदा ठीक दिसतो, पण वळणावर किंवा नवा भाग उघडताना खेळ मधेच अडखळतो. म्हणून परीक्षणे वाचताना सरासरीच्या शेजारचा 'वन पर्सेंट लो'चा, म्हणजे सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा, आकडा आधी पाहावा. आठ जीबीचे कार्ड नव्या भारी पीसीत बसवण्याचे मला तरी एकही कारण दिसत नाही.

कार्ड ठरले की पॉवर सप्लाय, ज्याला आपण सवयीने एसएमपीएस म्हणतो, तो पाठोपाठ ठरवावा. यादीत तो नेहमी शेवटी आणि उरलेल्या पैशांत येतो, आणि यादी पाहून मी सर्वांत जास्त वाद घालतो तो इथेच. ८० प्लस गोल्ड हा शिक्का फक्त विजेचा किती भाग वाया जात नाही एवढे सांगतो. व्होल्टेज किती स्थिर राहते, शॉर्ट सर्किट झाल्यास संरक्षण वेळेवर जागे होते की नाही, याबद्दल तो गप्प असतो. मोठी कार्डे क्षणभर आपल्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त वीज खेचतात आणि ती उसळी सोसण्यासाठी एटीएक्स ३.० हे मानक आले, ज्यात पॉवर सप्लायने १०० मायक्रोसेकंदांपुरता आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार पेलावा अशी अपेक्षा आहे. ५०९०साठी एनव्हिडिया १,००० वॅट सांगते. तो आकडा फुगवलेला नाही.

कार्डाला वीज पुरवणाऱ्या सोळा पिनांच्या कनेक्टरबद्दल इथेच लिहितो. २०२२मध्ये आरटीएक्स ४०९० आल्यानंतर हे कनेक्टर वितळल्याची उदाहरणे समोर आली आणि पूर्ण आत न बसलेला प्लग हे त्यामागचे एक ठळक कारण निघाले. नंतरच्या सुधारित १२व्ही-२बाय६ रचनेत सूचना देणाऱ्या चार छोट्या पिना आखूड केल्या आहेत, जेणेकरून प्लग अर्धवट असेल तर कार्डाने पूर्ण वीज मागूच नये. तरीही प्लग बसवल्यावर बॅटरीच्या उजेडात बाजूने पाहावे: प्लगची कड आणि कार्डावरचा सॉकेट यांच्यात नखाएवढीही फट दिसता कामा नये, आणि केबल प्लगपासून तीन-चार सेंटिमीटर सरळ गेल्यावरच वळलेली असावी. हे शक्य होण्याइतकी जागा कार्ड आणि कॅबिनेटची बाजूची काच यांच्यात आहे का, हे कॅबिनेट घेण्यापूर्वी मोजायचे असते. आणखी एक गोष्ट: जुन्या मॉड्युलर (सुट्या केबलच्या) पॉवर सप्लायच्या केबल नव्याला कधीही लावू नयेत. कार्डाच्या किंवा एसएसडीच्या बाजूचे टोक सगळीकडे सारखेच असते, पण पॉवर सप्लायच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रत्येक कंपनी आपल्या मनाने करते. प्लग नीट बसतो आणि चुकीच्या तारेत चुकीचे व्होल्टेज जाऊन ड्राइव्ह जळतो.

कॅबिनेटबद्दल थोडक्यात. असा पीसी खेळताना ७०० वॅटच्या घरात वीज घेतो आणि ती सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते, म्हणजे खोलीत छोटा हीटरच चालू असतो. समोर जाळी असलेले साधे कॅबिनेट समोर काच असलेल्या देखण्या कॅबिनेटपेक्षा मला केव्हाही पसंत.

प्रोसेसरमध्ये निव्वळ खेळासाठी निवड सध्या सोपी आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये आलेल्या एएमडीच्या रायझन ७ ९८००एक्स३डीमध्ये आठ कोर (हिशेब करणारे भाग) आणि ९६ एमबी एल३ कॅशे, म्हणजे प्रोसेसरमधलीच जलद मेमरी, आहे. त्याच्याच भावंडात, ९७००एक्समध्ये, कोर तितकेच पण कॅशे ३२ एमबी. खेळाची माहिती मेमरीत विखुरलेली असते आणि रॅमपर्यंतची फेरी कॅशेच्या तुलनेत कितीतरी लांब पडते, त्यामुळे ही मोठी कॅशे प्रोसेसरच्या घड्याळाच्या वेगापेक्षा (क्लॉक स्पीडपेक्षा) जास्त कामाला येते. आधीच्या ७८००एक्स३डीमध्ये ही कॅशे कोरांच्या डोक्यावर बसवली होती आणि उष्णता बाहेर पडायला आडवी येत होती. ९८००एक्स३डीमध्ये ती कोरांच्या खाली नेली आणि घड्याळाचा वेग वाढवायला जागा झाली. सोळा कोरांचा प्रोसेसर व्हिडिओ संपादन करणाऱ्याने जरूर घ्यावा. केवळ खेळणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. ९८००एक्स३डीची टीडीपी, म्हणजे कूलरने वाहून न्यायच्या उष्णतेचा आकडा, १२० वॅट असल्याने दोन टॉवरचा चांगला एअर कूलर पुरतो. लिक्विड कूलरच हवा असेल तर रेडिएटर असा बसवावा की पंप त्या वर्तुळातला सर्वांत उंच बिंदू ठरणार नाही, नाहीतर हवा पंपात साचते.

पैसा सर्वाधिक वाया जातो तो मदरबोर्डवर. महागड्या बोर्डाने एफपीएस वाढत नाहीत. दुसरा एसएसडी बसवल्यावर ग्राफिक्स कार्डाच्या लेन सोळावरून आठवर येतात का, एवढे मॅन्युअलमध्ये वाचावे आणि बायोस फ्लॅशबॅकचे, म्हणजे प्रोसेसर न लावताही बोर्डाचे मूळ सॉफ्टवेअर (बायोस) बदलू देणारे, बटण आहे ना ते पाहावे. एसएसडीचेही तसेच: सेकंदाला १४,००० एमबी वाचणारा पीसीआय एक्स्प्रेस ५.० एसएसडी आणि ७,०००वाला पीसीआय एक्स्प्रेस ४.० यांच्यातला फरक खेळ सुरू होताना क्वचितच जाणवतो. त्या पैशांत दुप्पट जागा घ्यावी.

रॅमच्या खोक्यावर दोन आकडे असतात, वेगाचा मोठा आणि सीएल हा विलंबाचा छोटा, आणि लोक फक्त मोठा वाचतात. सीएलला २,०००ने गुणून वेगाच्या आकड्याने भागले की प्रत्यक्ष विलंब नॅनोसेकंदांत मिळतो: वेग ६००० आणि सीएल ३० म्हणजे १०; वेग ५२०० आणि सीएल ४० म्हणजे १५.४. रायझनसाठी पहिली जोडी उत्तम, एकूण ३२ जीबी, दोनच स्टिक, प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. चारही खाचा भरल्या की एएमडीची वेगाची अधिकृत मर्यादा ५६००वरून ३६००वर घसरते, तेव्हा "पुढे आणखी दोन घालू" हा बेत डीडीआर५ या रॅमच्या पिढीत करूच नये. पहिल्यांदा बटण दाबल्यावर पंखे फिरतात पण स्क्रीन काही मिनिटे काळीच राहते. बोर्ड त्या वेळी मेमरीची जुळणी करत असतो, म्हणून घाबरून वीज तोडू नये. स्क्रीन आली की बायोसमध्ये जाऊन एक्स्पो, म्हणजे रॅमला खोक्यावरच्या वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करावे, कारण ते केल्याशिवाय ६०००ची रॅमसुद्धा त्याहून कमी वेगानेच चालते. त्यानंतर तो काळा पडदा आणखी एकदा येतो.