बाबांसाठी स्वस्तातला फिटनेस बँड घेताना आलेला माझा अनुभव

बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज अर्धा तास चाला पण दम लागेपर्यंत नको, आणि ठोक्यांवर लक्ष ठेवा. म्हणून मी अडीच हजारांचं बजेट ठरवलं, दोन रात्री बसून रिव्ह्यू वाचले आणि ऑनलाइन एक स्मार्टवॉच मागवलं. मोठा स्क्रीन, कॉलिंग, बीपी, ऑक्सिजन, शंभर स्पोर्ट्स मोड, काय म्हणाल ते होतं त्यात.

तिसऱ्या दिवशी बाबा गोल्फ क्लबच्या ट्रॅकवरून फेऱ्या मारून घामाघूम होऊन आले आणि घड्याळात ठोके ७४. कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात पडला होता, तो बोटाला लावला तर १०८. मग मी घड्याळ काढलं आणि टॉवेलची गुंडाळी करून त्याला बांधलं, तर तिथेही ७६! टॉवेलला कुठले आले ठोके? हसायचा विषय नाही हा, ७४ बघून बाबा म्हणत होते अजून दोन फेऱ्या मारल्या असत्या.

खरा त्रास इथून सुरू झाला. ॲपवर रिटर्नचं बटणच नाही, फक्त ७ दिवसांत रिप्लेसमेंट, आणि तीसुद्धा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने दोष आहे असं लिहून दिलं तरच. अर्धा दिवस रजा टाकून गेले. काउंटरवरच्या मुलाने घड्याळ चालू केलं, स्क्रीनवर बोट फिरवलं आणि म्हणाला, ताई चालू आहे ना. मी त्याच्याच टेबलावरचं पुसायचं फडकं गुंडाळून त्याला बांधून दाखवलं, ८१ आले, त्याने स्वतः बघितले, तरी म्हणाला हे मेडिकल डिव्हाइस नाही, आकडा अंदाजे असतो, लिहून देता येणार नाही. अंदाज चुकणं वेगळं आणि फडक्याला नाडी असणं वेगळं, हे मी त्याला तीनदा सांगितलं. शेवटी तक्रार नोंदवून नंबर घेतला आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी मेसेज, आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. कोणी सोडवली, कधी? परत फोन, परत नवीन नंबर, व्हिडिओ पाठवा म्हणाले, पाठवला, तर फाईल मोठी आहे म्हणून जाईना, तो कापून लहान केला, पाठवला, आणि दोन दिवसांनी परत तोच मेसेज, सोडवण्यात आली आहे. असं तीन वेळा झालं आणि तेवढ्यात ७ दिवस उलटून गेले, मग म्हणे आता मुदत संपली.

तेव्हा मी १९१५ ला फोन केला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. त्यांनी बिल आणि आधीचे तक्रार नंबर मागितले, आणि पहिली तक्रार चौथ्या दिवसाची होती हे माझ्याकडे लेखी होतं म्हणूनच पुढचं सगळं झालं. बाराव्या दिवशी कंपनीचा फोन आला, तेच मॉडेल नवीन देतो म्हणाले, मी नाही म्हटलं, पैसेच हवेत. मिळाले. त्या दिवशी मला शांत झोप लागली.

दुसऱ्यांदा मात्र दुकानातून घेतलं, साधा बँड, छोटा स्क्रीन. दुकानातच ऑक्सिमीटर नेऊन ठोके ताडून बघितले आणि शंभर पावलं मोजून चालले, बँडने ९७ दाखवली, चालतंय. बीपी दाखवतो म्हणणाऱ्या स्वस्त घड्याळांच्या नादी लागू नका, दंडाला पट्टा बांधायचं मशीन घरात ठेवा. बँडचा पट्टा मनगटाच्या हाडाच्या जरा वर आणि घट्ट बांधायचा, नाहीतर मागचा ठोके मोजणारा हिरवा लाइट कातडीपासून सुटतो आणि चांगला बँडसुद्धा चुकतो. बॉक्स आणि बिल वॉरंटी संपेपर्यंत टाकू नका.

बँडमध्ये आधीपासून १०,००० पावलांचं टार्गेट असतं, ते पूर्ण होईना म्हणून बाबा खट्टू व्हायचे. हा आकडा कुठल्या डॉक्टरने ठरवलेला नाही, १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ दहा हजार पावलं मोजणारं असा होता, तिथून तो पसरला. मी ते ५,००० केलं आणि बाबा आता रोज संध्याकाळी मला मनगट दाखवतात.

आणि हो, एक राहिलंच. फोन बदलणार असाल तर आधी जुन्या फोनच्या ॲपमधून बँड अनपेअर करा, म्हणजे त्याची जोडणी काढा, मगच जुना फोन रिसेट मारा, आमचा बँड दोन दिवस नव्या फोनला जोडतच नव्हता.