कासवाच्या कवचातला करंडा

रविवार, रात्री.

आज नामिबियाच्या राजधानीत, विंडहूकमधल्या एका हस्तकलेच्या दुकानात जुहोआन्सी या सान आदिवासी जमातीच्या बायकांची पावडरची डबी हातात घेऊन पाहिली. डबी म्हणायचे एवढेच, कारण ते कालाहारी वाळवंटातल्या लहान कासवाचे अख्खे कवच आहे. कासव निखाऱ्यात भाजून खाल्ले, की कवच न टाकता ते घासूनपुसून स्वच्छ करतात, एक तोंड मेणाने किंवा डिंकाने बुजवतात आणि दुसऱ्या तोंडातून सुगंधी पाने, मुळे आणि साली कुटून केलेली 'सा' नावाची पूड भरतात.

माझ्या हातातल्या डबीच्या पुढच्या तोंडातून पूड लावायचा केसाळ झुपका डोकावत होता, कडेच्या चामड्याच्या पट्ट्यांत शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे पांढरे मणी ओवले होते आणि मागच्या काळपट मेणावर ते दाबणाऱ्या अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटलेला होता. तो पाहताना आजीची फणेरपेटी आठवली. कुंकवाखाली लावायच्या मेणाच्या डबीत तिच्या बोटाने असाच खळगा पडला होता.

शेजारीच नामिबियातल्याच हिंबा या पशुपालक जमातीच्या बायकांचे, चामड्याच्या झाकणाचे गाईचे शिंग होते. लोणी आणि लाल गेरू कालवून त्या 'ओत्जिझे' करतात आणि ते अंगाला आणि केसांना लावतात. शिंग देखणे होते, पण माझे मन कवचातच अडकले.

चिठ्ठीवर 'सौंदर्यप्रसाधनाची डबी' असे लिहिले होते, ते मला तोकडे वाटले. ही पूड बायका चेहऱ्याला आणि मानेला लावतात हे खरे. परंतु रात्रीच्या उपचार-नृत्यात भान हरपलेल्या वैदूला सावरण्यासाठी अशाच कवचात निखारा ठेवून सुगंधी वनस्पतींची धुरीही देतात. त्याला नुसते प्रसाधन कसे म्हणावे? (इथे सगळेजण अशा पुडीला सरसकट 'बुखू' म्हणतात, पण दक्षिण आफ्रिकेतल्या केप भागातली खरी बुखू ही वनस्पती वेगळीच आहे.)

घ्यायचा मोह झाला होता. मात्र जमिनीवरच्या सर्व कासवांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार नियंत्रित असल्यामुळे परवान्याशिवाय हे कवच भारतात नेता येणार नाही. म्हणून डबी परत ठेवली. झुपका मी उलटा खोचला होता. दुकानातल्या बाईंनी काही न बोलता तो काढून सुलटा बसवला.