अर्धा गिल तांदूळ

तो अर्धा गिल तांदूळ डोक्यातून जातच नाही. अर्धा गिल म्हणजे साधारण ६० मिलिलिटर, पोहे खायच्या चमच्याने मोजून पाच-सहा चमचे. सोबत चमचाभर व्हिनेगर. १८ डिसेंबर १७७७, अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध, इंग्रजांवरच्या सॅराटोगाच्या विजयाबद्दल तिथल्या काँग्रेसने देवाचे आभार मानायला नेमून दिलेला दिवस, आणि वॉशिंग्टनच्या सैन्यातल्या, कनेक्टिकटच्या जोसेफ प्लम मार्टिन या शिपायाला मिळालं ते एवढंच. वय सतरा. व्हिनेगरने स्कर्व्ही, म्हणजे हिरड्या सडवणारा रोग, टळते, अशी तेव्हाची समजूत. टळत नाही.

कागदावर रोजचं रेशन होतं पौंडभर गोमांस, पौंडभर पाव, पाइंटभर दूध. दुष्काळ असता तर मन निवलं असतं. पण पेनसिल्व्हेनियात धान्य होतं, जनावरं होती. गाड्या नव्हत्या. ज्या होत्या त्यांचे गाडीवान ओझं हलकं करायला डुकराच्या मांसाच्या पिंपातलं खारं पाणी ओतून देत, आणि छावणीत पोचेपर्यंत मांस सडलेलं असे. शेतकरी माल फिलाडेल्फियात इंग्रजांना विकत, कारण तिकडे खणखणीत नाणं, इकडे दिवसागणिक पडत्या किमतीच्या नोटा. रसद वाहून नेणाऱ्या खात्याचा प्रमुख मिफ्लिन राजीनामा देऊन मोकळा. त्याच्या जागी ग्रीन येईपर्यंत मार्च उजाडला. मग राहतं काय, तर तापल्या दगडावर भाजलेला पीठ-पाण्याचा गोळा.

आई म्हणते, अडीचशे वर्षांपूर्वीचं कसलं घेऊन बसलास. बरोबरच आहे तिचं. माझ्या थकलेल्या बिलाचं मात्र... जाऊ दे.

त्या हिवाळ्यातली सैन्याची छावणी व्हॅली फोर्जला. तिथल्या झोपड्या चौदा फूट बाय सोळा, एकीत बारा जण. सुमारे दोन हजार मेले, बहुतेक रोगांनी, आणि त्यातले जास्त वसंतात, अन्न यायला लागल्यावर. यावर नंतर कधीतरी.

पण तांदूळच का आठवतो? उपाशी ठेवणं एक वेळ समजतं. सण म्हणून मापात मोजून देणं, त्याचा हिशेब ठेवणं, हे खुपतं.

तसे हे सरकारी लोक कागदात पक्के. १७८३ मध्ये थकलेल्या पगारापोटी प्रमाणपत्रं दिली; घरी जायला धड कपडे हवेत म्हणून कित्येकांनी ती सट्टेबाजांना मातीमोल विकली. १७९० मध्ये त्यांच्या बदल्यात नवे सरकारी रोखे मिळाले, ते कागद ज्याच्या हातात त्याला. मूळ शिपायांनाही वाटा द्या, असं काँग्रेसमधला मॅडिसन म्हणाला होता. मतदानात पडला. १८१८ मध्ये साध्या शिपायाला महिना आठ डॉलर पेन्शन मिळाली, गरज असेल तरच. दोन वर्षांनी तर घरातल्या चीजवस्तूंची यादी शपथेवर मागितली. अंगावरचे कपडे आणि अंथरूण-पांघरूण तेवढं त्यातून वगळायची मुभा. मेहेरबानीच म्हणायची.