पोरीचा सिकलसेल, हातातला बँड अन् रात्रीची वही

माझी पोरगी तेरा वर्षांची आहे, तिला सिकलसेल आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे आई-बाप दोघांकडूनही आजाराचा जीन आलेला. मी अन् हिचे बाबा दोघंही एएस, म्हणजे वाहक, आम्हाला स्वतःला काही त्रास नाही पण दोघं एएस असले की दर गरोदरपणात लेकरू एसएस होण्याचा चारात एक असा धोका राहतेच. आमच्या नागभीडकडे, तसं पाहिलं तर पूर्ण पूर्व विदर्भातच, हा आजार लोकांच्या ओळखीचा आहे त्यामुळे जास्त सांगत बसत नाही, एवढंच की यात रक्तातल्या लाल पेशी वाकून नसांत अडकते अन् अंगात कळा येते. मला लिहायचं आहे ते रात्रीबद्दल. डॉक्टरला दिवसाची पोरगी दिसते, रात्रीची दिसत नाही.

आम्ही नागपूरला मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात दाखवतो. नॅरोगेजची गाडी बंद झाल्यापासून एसटीच, पहाटे निघायचं, नंबर लावायचा, अन् नंबर आला की डॉक्टर मॅडम विचारते झोप कशी आहे, तर ही म्हणते बरी आहे. दरवेळी बरी आहे! दुखण्याची इतकी सवय झाली लेकराला की सहन होईनासं झालं तरच ती दुखते म्हणते. मी बाजूलाच झोपते पण धान कापणीच्या दिवसात अंग टाकलं की मलाच कळत नाही रात्र कशी गेली, मग मी तरी मॅडमला काय सांगू.

तिचा मामा पुण्याला कंपनीत आहे, दिवाळीत आला तेव्हा त्यानं स्वतःचा जुना फिटनेस बँड तिच्या हातात बांधून दिला, झोप मोजते म्हणे. त्याच्या मागून हिरवा लाइट लागते त्यानं नाडी मोजते अन् आत एक सेन्सर राहते तो हालचाल पकडते, या दोन्हीवरून तो अंदाज लावते की माणूस झोपला आहे का जागा. अंदाजच तो, हे आधी समजून घ्या. ढिला बांधला तर काहीही दाखवते, मनगटाच्या हाडाच्या थोडा वर, घट्ट पण रुतणार नाही असा बांधावा लागते. अॅप इंग्रजीत आहे पण ते पोरगीच चालवते. चार्जिंग संध्याकाळी अभ्यासाला बसली की लावून टाकायचं, कारण रात्री लाइनचा आमच्याकडे काही भरोसा नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात आली अन् मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. हिला दुखते तेव्हा ही तळमळत नाही. हललं की जास्त दुखते म्हणून गुडघे पोटाशी घेऊन एका कुशीवर तशीच पडून राहते, डोळे उघडे. अन् बँड सकाळी दाखवते आठ तास झोप, एकदम छान. म्हणून आम्ही सोबत एक वही केली. सकाळी चहाच्या वेळी मी विचारते अन् तीच लिहिते, रात्री दुखलं का, कुठं, शून्य ते दहात किती, कितीदा उठली, अन् उठल्यावर ताजं वाटून राहिलं का नाही. बँडचे आकडे त्याच ओळीत. दोन्ही बाजूबाजूला आले की मग खरं काय ते दिसते.

पुढच्या ओपीडीला ती वही नेली. बँडचं अॅप गाढ झोप (डीप) अन् स्वप्नांची झोप (आरईएम) असे रंगीत पट्टे दाखवते, मॅडमनं ते पाहिलेच नाही, म्हणाली मनगटावरून ते नीट कळत नाही, त्याला डोक्याला वायर लावून स्लीप स्टडी करावी लागते. तिनं पाहिलं ते जागं होण्याचं. दुखलं नाही अशा रात्रीसुद्धा मधे मधे जाग होती. तिनं सरळ पोरीलाच विचारलं, "बेटा, उठते कायले?" तर म्हणे लघवीला. "अन् पाणी किती पिते?" पोरगी गप्प. मग हळूच बोलली की संध्याकाळनंतर पीतच नाही, रात्री बाहेर जावं लागते नं. आमचा संडास अंगणाच्या पार टोकाला, थंडी, अंधार, धानाच्या बांधीतून साप येते, ती भिणारच.

मॅडमनं मग नीट समजावलं. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाची लघवी घट्ट करायची ताकद कमी होते, त्यामुळे लघवी पातळ अन् जास्त होते, रात्रीही होते, लेकरू पाणी पिवो का न पिवो. वरून पाणी कमी पडलं की रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकून अडकते अन् कळा सुरू होते. म्हणजे जी पोरगी रात्री उठू नये म्हणून तहान मारून झोपत होती तिला त्याच्यानंच दुखत असू शकते. हे मला आजवर कोणी जोडून दाखवलं नव्हतं, अन् दाखवणार तरी कसं, विचारायला धागाच नव्हता! हिच्या बाबानं त्याच हप्त्यात अंगणात बल्ब लावला, रात्री घरातल्याच न्हाणीत जायचं ठरवलं, शाळेत दोन बॉटल. कळा पूर्ण थांबल्या असं नाही, हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं रोजचं औषध चालूच आहे, पण वहीत दुखण्याचे आकडे खाली आले.

घोरते का हेही मॅडमनं विचारलं. घोरते, मी मोबाईलवर रेकॉर्ड करून दाखवलं. सिकलसेलच्या लेकरात टॉन्सिल अन् नाकामागची गाठ (ॲडेनॉइड) वाढून झोपेत श्वास अडकणं बरंच दिसते, अन् ऑक्सिजन कमी झाला की पेशी वाकतेच, म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे पाठवलं, तिथलं अजून चालू आहे.

आता ऑक्सिजनचा आकडा. एका रात्री बँडनं रक्तातला ऑक्सिजन ८८ टक्के, म्हणजे बराच कमी दाखवला अन् माझे हातपाय गळाले. सकाळीच पीएचसीत नेलं, बोटाच्या मशीनवर ऑक्सिजन ठीक निघाला. मॅडमचं म्हणणं, बँडच्या ऑक्सिजनवर काही ठरवू नका, सिकलसेलमध्ये बोटाची मशीनसुद्धा कधी थोडी चुकते. छातीत दुखणं, दम लागणं, १०१ च्या वर ताप, यातलं काही असलं तर बँड काय म्हणते ते न पाहता दवाखाना गाठायचा.

नाडीचा मात्र उपयोग झाला. हिची झोपेतली नाडी रक्त कमी असल्यानं तशीही जास्तच राहते, पण तिची नेहमीची किती ते वहीत आहे. पावसाळ्यात एका सकाळी ती नेहमीपेक्षा बरीच वर होती म्हणून मी थर्मामीटर लावला तर ताप, अजून अंगाला चटकाही लागत नव्हता. तसंच उचलून दवाखान्यात नेलं, अँटिबायोटिक वेळेवर सुरू झाली. या लेकरांची प्लीहा, म्हणजे जंतूंशी लढणारा पोटातला अवयव, खराब झालेली राहते, त्यांना ताप अंगावर काढायला परवडत नाही.

स्लीप स्कोअर, म्हणजे बँड झोपेला देते ते मार्क, मात्र आम्ही बंद केला. सकाळी कमी मार्क दिसले की बरी असलेली पोरगीही आज माझ्यानं होत नाही म्हणायची, शाळा बुडायची. आता आधी वही भरायची, आकडे मागून पाहायचे.

आमच्या आशाताईनं वहीचं एक पान फोटो काढून नेलं, गावात अजून दोन एसएस लेकरं आहेत त्यांच्यासाठी. त्यांच्याकडे बँड नाही, मी म्हटलं नसू दे, त्याच्यासाठी पैसे काढू नका. दुखणं, उठणं, लघवी, दिवसाचं पाणी, सकाळचा ताप, एवढे रकाने साध्या वहीत भरता येते अन् ओपीडीत त्याच्यावरूनही विचारता येते.