जहाज नेमकं लागतं कुठे?

बाल्टिक क्रूझचं बुकिंग झालं त्या रात्री मी वहीत बंदरं लिहून काढली: कोपनहेगन, बर्लिन, टॅलिन, हेलसिंकी, स्टॉकहोम. २०२२ पासून युक्रेन युद्धामुळे रशियातलं सेंट पीटर्सबर्ग वगळलं गेलंय, त्यामुळे व्हिसा एकच, शेंगेनचा, म्हणजे या सगळ्या देशांना चालणारा. सर्वांत जास्त रात्री डेन्मार्कमध्ये, म्हणून अर्ज डेन्मार्ककडे केला.

मग नकाशा उघडला आणि पोटात गोळा आला. बर्लिनला समुद्रच नाही! जहाज लागतं वार्नेम्युंडला, तिथून बर्लिन जवळजवळ तीन तास. स्टॉकहोमचंही तसंच. आमचं जहाज थांबणार होतं न्यूनेसहाम्नला, शहरापासून लोकलने तासभर. बरोबर आई, वय ७४, उजवा गुडघा दुखरा. तेव्हा ठरवलं, एका बंदरात एकच गोष्ट बघायची, पण पोटभर.

बर्लिनवर काट मारली. जीव तुटला, पण सहा तास बसमध्ये आणि तीन तास शहरात हा हिशेब मला पटेना. त्याऐवजी वार्नेम्युंडच्या वाळूत, छपराच्या वेताच्या खुर्चीत आई दोन तास समुद्र बघत बसली. इतकी निवांत मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

टॅलिनमध्ये जुनं शहर धक्क्यापासून चालत वीसेक मिनिटांवर. वरच्या टेकडीवर जायला दोन वाटा आहेत, त्यांची नावंच ‘लांब पाय’ आणि ‘आखूड पाय’. आखूड वाटेला पायऱ्या, लांब वाटेला चढण. आम्ही अर्थातच लांब पाय धरला. खाली चौकात १४२२ पासून नोंद असलेलं औषधाचं दुकान आहे, आजही चालू. तिथे मात्र वेळेचा घोळ झाला. फोनने आपोआप एस्टोनियाची वेळ घेतली, एक तास पुढची. जहाजाची घड्याळं होती कोपनहेगनच्याच वेळेवर. धावतपळत परतलो तर हातात अख्खा तास शिल्लक. त्या संध्याकाळी आईचं किल्लीचं एचएमटी जहाजाच्या वेळेला लावलं आणि पुढे तेवढंच प्रमाण मानलं.

हेलसिंकीत बाजारचौकातून फेरीबोटीने पंधरा-वीस मिनिटांत सुओमेनलिना, १७४८ पासून बांधलेला बेटांवरचा किल्ला. सिंधुदुर्ग पाहिलेल्या माणसाला तिथली तटबंदी परकी वाटत नाही.

स्टॉकहोमला लोकल, मग ट्राम, आणि थेट वासा संग्रहालय. १६२८ साली पहिल्याच सफरीत जेमतेम १३०० मीटर जाऊन बुडालेलं हे लढाऊ जहाज १९६१ मध्ये वर काढलं. आई मालवणची, तिच्या वडिलांची होडी होती. काळ्या लाकडाकडे बघत ती म्हणाली, "तीनशे वर्षं पाण्यात? आमच्याकडे किड्याने भुगा केला असता." कारण तिथल्या फलकावरच होतं: बाल्टिकचं पाणी फार कमी खारट, लाकूड पोखरणारा तो किडा इथे जगत नाही.

परतीच्या लोकलला वेळ होता. मी विचारलं, बाहेर चहा घेऊया का? आईने मनगटावरचं घड्याळ पाहिलं, माझा दंड धरला आणि म्हणाली, "चल, वरच्या मजल्यावरून अजून एकदा बघू."