फरशीतली भोकं

काल आईचा पलंग सरकवून खोली झाडली. शहाबादी फरशीत बोल्टची चार भोकं अजून तशीच आहेत. तिथं आमचा माग होता. सोलापूरच्या दत्त नगरातल्या या घरात दोन माग आणि अकरा माणसं. बाबा आणि काका पाळीनं माग चालवायचे, आजी दारात बसून सुताच्या कांड्या भरायची, आम्ही पोरं शाळेतून आलो की टॉवेलच्या घड्या घालायचो. रात्री वीज जाऊन खडखडाट थांबला की उलट जाग यायची.

सोलापुरी चादरीला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पुढच्याच वर्षी आमचे दोन्ही माग विकले. सुताचा भाव आणि वीजबिल भागवून हातात काही उरेना. काका दुसऱ्याच्या मागावर रोजंदारीनं लागले, थोरला चुलतभाऊ चाकणला गेला. सहा महिन्यांत काकूंनी चूल वेगळी मांडली. "सुनेनं घर फोडलं," गल्लीभर झालं. मी सोळा वर्षांची होते. वर्षभर त्यांच्याशी धड बोलले नाही.

काकू पहाटे उठून अकरा जणांच्या भाकऱ्या थापायच्या. मग मांडीवर सूप घ्यायचं, रात्री भिजवलेली पानं कात्रीनं कापायची आणि दिवे लागेपर्यंत हजार बिड्या वळायच्या. मजुरी आजीच्या हातात. सगळ्यांची कमाई त्या दोन मागांवर होती तोवर एक चूल चालली. माग गेले, माणसं पांगली, आणि तरी चूल एकच राहावी असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी कुणी परातीपुढं बसणार नव्हतं. एकत्र कुटुंबाचं कौतुक ऐकलं की मला आधी हेच आठवतं.

२०११ च्या जनगणनेत आमच्या एका घराची दोन कुटुंबं लागली, कारण तिथं कुटुंब स्वयंपाकावरून मोजतात. आई त्या दिवशी जेवली नाही.

आता बाबा नाहीत, काकाही नाहीत. माझा भाऊ पुण्यात, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला चार दिवस येतो. मी इथंच, शहराच्या जुळे सोलापूर भागात. आईची साखर वाढल्याचं मला कळलं ते काकूंच्या फोनवरून. रात्री त्या आईच्याच खोलीत अंथरूण टाकतात. चुली अजून दोनच आहेत.

काल निघताना म्हटलं, "काकू, तेव्हा माझं चुकलं."

त्या उखळात शेंगदाणे कुटत होत्या. "जाऊ दे की गं. थांब, चटणी घेऊन जा."